मुलीच्या सॅकमध्ये लायटर सापडल्यावर

कोथरूडच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सतरा वर्षांची, बारावीत. कॉलेज डेक्कनच्या बाजूला, क्लास कर्वे रस्त्यावर. सॅक धुवायला काढली तेव्हा आतल्या कप्प्यात लायटर आणि लवंगेच्या सिगारेटचं अर्धं पाकीट सापडलं. त्याआधी सोसायटीतल्या एका काकूंनी ‘तुमची लेक टपरीवर चार-पाच जणींबरोबर उभी होती’ असं येऊन सांगितलं होतं. आईने मुलीला अजून काही विचारलेलं नाही. त्यांना चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: मुलीला वाईट संगत लागली आहे का, कॉलेज आणि क्लास बदलावा का, वडिलांना सांगावं का, आणि उद्या हिचं कसं होणार.

ताई, पाकीट सापडल्या सापडल्या तुम्ही तिच्यापुढे आपटलं नाहीत, हे फार चांगलं केलंत. मी पुण्यात शाळा-कॉलेजच्या मुलामुलींबरोबर समुपदेशनाचं काम बरीच वर्षं करते आहे. या वयाच्या मुली माझ्यापुढे बसून सिगारेटबद्दल कमी आणि घरात त्या दिवशी काय बोललं गेलं याबद्दल जास्त सांगतात. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते.

‘उद्या हिचं कसं होणार’ हा प्रश्न मुलाच्या खिशात पाकीट सापडलं असतं तर तुमच्या मनात आला असता का? मुलगा सापडला की घरात छातीचा, खोकल्याचा, उडवलेल्या पैशांचा विषय निघतो. वडील दोन ठेवून देतात, आई रडते, पण त्याच्या लग्नाचा, घराण्याच्या नाकाचा विषय कुणी काढत नाही. मुलगी सापडली की पहिल्या पाच मिनिटांत तिच्या चारित्र्यावर बोट जातं. सोसायटीतल्या काकूंनीही तब्येतीची काळजी म्हणून सांगितलं नसणार. तुमच्या मुलीला हे सगळं पक्कं माहीत आहे. तुम्ही तोंड उघडण्याआधीच तिने ते वाक्य मनात ऐकलेलं आहे, आणि म्हणूनच पाकीट आतल्या कप्प्यात गेलं.

या भीतीने मुली सिगारेट सोडतात असं मी पाहिलेलं नाही. त्या लपवण्यात तरबेज होतात. पुण्यात तर लपणं फार सोपं आहे. दुचाकीवर निघालेली मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. टपरीच्या मागच्या बोळात स्कार्फ सैल करायचा, चार झुरके घ्यायचे, पुन्हा बांधायचा. मग च्युइंगम, हाताला सॅनिटायझर, अंगावर डिओ. लपवण्याचा हा सगळा सोहळा चारचौघींनी मिळून करायचा असतो, आणि त्यातून त्यांची मैत्री आणखी घट्ट होते. घरची भीती जेवढी मोठी, तेवढं त्या चौघींचं एकमेकींवर अवलंबून राहणं वाढतं.

लपवण्यातून दुसराही एक धोका उभा राहतो आणि मला सिगारेटइतकीच त्याची काळजी वाटते. मुलीच्या हातात सिगारेट असलेला फोटो कुणाच्यातरी मोबाइलमध्ये असतो. भांडण झालं, ब्रेकअप झालं, की ‘तुझ्या घरी पाठवू का’ अशी भाषा सुरू होते. मुलाच्या अशा फोटोला काडीची किंमत नसते. मुलीच्या फोटोला किंमत येते ती आपण सगळ्यांनी तिच्या सिगारेटला चारित्र्याची चिठ्ठी जोडली म्हणून. घरी आधीच माहीत असेल आणि घर तिच्या बाजूने उभं असेल, तर त्या फोटोत दम उरत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तिला तुमच्याशी खरं बोलता आलं पाहिजे.

आता संगतीबद्दल. ‘वाईट संगत’ म्हटलं की कुणीतरी एक बिघडलेली मुलगी आहे आणि तिने तुमच्या मुलीला ओढलं असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मी ऐकते त्या गोष्टींत अशी खलनायिका क्वचितच असते. बहुतेक वेळा कुणी आग्रहही केलेला नसतो. क्लासचे दोन तास संपतात, पुढच्या तासाला वीस मिनिटं असतात, सगळ्या टपरीवर जातात. एक कटिंग घेते, दुसरी सिगारेट पेटवते आणि ती हातोहात फिरते. ती आपल्यापाशी आली की पुढे सरकवायची की एक झुरका मारून सरकवायची, एवढाच तो क्षण. पुढे सरकवली तर कुणी हसत नाही, पण आपण थोड्या बाहेरच्या झालो असं तिला स्वतःलाच वाटतं. त्या वयात हे वाटणं सहन होत नाही.

त्या टपरीवर तिला काय मिळतं, हे नीट पाहिल्याशिवाय तुम्हाला पुढची वाट सापडणार नाही. आपल्या शहरात तरुण मुलांना कट्टा आहे. मुलगा चौकात तासभर नुसता उभा राहिला तरी कुणी ‘का उभा आहेस’ विचारत नाही. मुलीला बाहेर उभं राहायला कारण लागतं: बसची वाट, झेरॉक्स, मैत्रीण येतेय. कॅफेत बसायचं तर दोनशे-तीनशे रुपये जातात. चहाच्या टपरीवर वीस रुपयांत तिला वीस मिनिटं मिळतात आणि तिथे तिला कुणी अभ्यासाचं विचारत नाही. चाचणीत कमी पडलेले मार्क, घरातली भांडणं, आवडणारा मुलगा, पाळीच्या तक्रारी, सगळं तिथे बोललं जातं. सिगारेट पेटली की ती संपेपर्यंत कुणी निघत नाही, म्हणून गप्पाही तेवढ्या लांबतात. मुली मला सांगतात, ‘मॅम, सिगारेट आवडते असं नाही, ब्रेक आवडतो.’ त्या खरं बोलतात असं मी मानते. निदान सुरुवातीच्या महिन्यांत तरी.

लातूर, नांदेड, जळगावकडून शिकायला आलेल्या मुलींचं थोडं वेगळं असतं. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत एकमेकींना अनोळखी अशा चौघी. ‘गावाकडची’ हा शिक्का नको असतो. इंग्रजी बोलायला वेळ लागतो, कपडे बदलायला पैसे लागतात. सिगारेट धरायला दोन्ही लागत नाही. ती धरली की मुलगी एका संध्याकाळीत ‘आपली’ होते. तुमची मुलगी पुण्याचीच आहे, पण तिच्या गटात अशी एखादी असेल तर त्या मुलीला दोष देण्याआधी ती किती एकटी असेल याचा विचार करा.

आणखी एक कारण, जे मुली शेवटी शेवटी सांगतात: वजन. निकोटिनने भूक मरते हे खरं आहे आणि मुलींना ते पटकन कळतं. डबा तसाच परत येतो, दुपारचं जेवण म्हणजे चहा आणि सिगारेट. ज्या मुलीला पीसीओडी आहे आणि डॉक्टरांनी, आत्याने, मावशीने ‘वजन कमी कर’ असा धोशा लावलेला आहे, तिच्या बाबतीत हे मी हमखास विचारते. तुमच्या घरात तिच्या जाडीवर कुणी बोलत असेल तर ते आजपासून बंद करा. मोठ्या व्याख्यानापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

हे फक्त आपल्या कोथरूडचं नाही. भारतात २०१६-१७ मध्ये प्रौढांची मोठी तंबाखू पाहणी झाली, तेव्हा कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे पुरुष ४२.४ टक्के आणि स्त्रिया १४.२ टक्के होत्या, म्हणजे तिपटीचं अंतर. २०१९ मध्ये १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, त्यात मुलगे ९.६ आणि मुली ७.४ टक्के. शाळेच्या वयात ते अंतर बरंच कमी दिसतं. आपल्याकडे आजीची मिश्री घरात सगळ्यांना दिसत होती आणि तिला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. नातीची सिगारेट दिसली की घर हादरतं. तंबाखू दोन्हींत आहे.

कधीतरी मुलगी तुम्हाला म्हणेल, ‘मुलांनी ओढली तर चालते, मग मी का नाही?’ या प्रश्नात दम आहे, तो उडवून लावू नका. मुलांनाही चालायला नको, हे आधी स्वच्छ म्हणा. मग तिला एक खरी घडलेली गोष्ट सांगता येईल. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या आणि वर्तमानपत्रांत ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तो प्रकार एडवर्ड बर्नेज नावाच्या प्रसिद्धीतज्ज्ञाने घडवून आणला होता, आणि त्याला पैसे मोजत होती अमेरिकन टोबॅको ही सिगारेट कंपनी. बायकांनी बाहेर ओढायला सुरुवात केली तर गिऱ्हाईक वाढेल, एवढाच हिशेब. या वयाच्या मुलींना आपण कुणाच्या तरी हिशेबात बसलो याचा फार राग येतो, आणि तो राग उपयोगी पडतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचे फोटो त्यांनी पाकिटावर इतके पाहिलेले असतात की आता दिसतही नाहीत.

आता शरीराचं, कारण इथे वेळ महत्त्वाची आहे. ‘मी फक्त ग्रुपमध्ये ओढते, मला सवय नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मुलगी म्हणते. निकोटिन झुरक्यानंतर काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. किशोरवयात रोज न ओढणाऱ्यांनाही काही आठवड्यांतच ओढ लागायला सुरुवात होऊ शकते. त्यामुळे ‘कधीपासून ओढतेस’ यापेक्षा मी दुसऱ्या खुणा विचारते: रविवारी, मैत्रिणी नसताना, आठवण येते का? क्लासला सुट्टी असली तर चिडचिड होते का? घरच्या बाथरूममध्ये, गच्चीवर एकटीने ओढून झाली आहे का? सॅकमध्ये स्वतःचं पाकीट आहे, म्हणजे नुसत्या दुसऱ्यांच्या झुरक्यांच्या पुढे ती गेलेली असू शकते. कदाचित तिच्याकडे ते सगळ्यांसाठी ठेवायला दिलं असेल. तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.

लवंगेची सिगारेट सौम्य असते असा मुलींचा आणि कितीतरी आयांचा समज असतो. तिच्यात तंबाखूच असतो, साधारण साठ टक्के, आणि बाकी लवंग. लवंगेने घसा बधिर होतो, झोंबत नाही, म्हणून झुरका खोल जातो. पुदिन्याची कॅप्सूल फोडायच्या सिगारेटचंही असंच, गारव्यामुळे धूर टोचत नाही. हे तिला जरूर सांगा, पण एकदाच आणि साध्या आवाजात.

बोलायचं कधी आणि कसं? घरात सगळे असताना नको, रात्री अकरानंतर नको, चाचणीच्या आदल्या दिवशी तर नकोच. दोघी स्कूटरवरून किंवा चालत कुठेतरी जात असाल तर उत्तम, समोरासमोर बघावं लागत नाही. तळजाईवर सकाळी फिरायला जात असाल तर तिथे. सुरुवात शोध लागल्याच्या थाटात करू नका. ‘तुझी सॅक धुताना मला पाकीट दिसलं. मी ओरडणार नाहीये. मला काळजी वाटते आणि तुझ्याकडून ऐकायचंय’ एवढं पुरे. मग गप्प बसा. ती ‘ते माझं नाही’ म्हणेल, बहुतेक सगळ्या म्हणतात. त्यावर उलटतपासणी नको. ‘बरं. तुझं नसलं तरी त्या टपरीवर काय काय चालतं ते सांगशील?’ म्हणा. स्वतःबद्दल सांगायला जड जातं, मैत्रिणींबद्दल सांगताना ती आपलंही सांगून जाते. आणि तिने मैत्रिणींबद्दल सांगितलेलं त्यांच्या आयांपर्यंत नेऊ नका. ते एकदा झालं की तुमच्याकडे येणारी वाट कायमची बंद.

तिच्याकडून शपथ घेऊ नका. ‘माझ्या गळ्याची शप्पथ, परत ओढणार नाहीस’ असं वदवून घेतलं की पुढची सिगारेट ओढल्यावर तिला तुमच्याशी खोटंच बोलावं लागतं.

कॉलेज आणि क्लास बदलण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बदलू नका. बारावीच्या मध्यावर तिला मैत्रिणींपासून तोडलं तर ती नव्या ठिकाणी जास्त एकटी पडेल, आणि टपरी नव्या क्लासबाहेरही आहे. कर्वे रस्ता असो की फर्ग्युसन रस्ता, शंभर पावलांवर चहा मिळतोच. मैत्री टिकवून सिगारेट कशी गळेल, हे पाहायचं. प्रत्यक्षात त्यासाठी जागा बदलावी लागते. तुमचं घर क्लासच्या जवळ असेल तर त्या चौघींना घरी येऊ द्या. दार बंद करून बसू द्या, पोहे-चहा द्या आणि खोलीत डोकावू नका. सिगारेट घरात नाही, एवढी एकच अट. ज्या मुलींना बसायला घर मिळतं, त्यांचं टपरीवर उभं राहणं आपोआप कमी होतं.

तिने स्वतः सोडायची म्हटली तर टपरीवरचा तो सरकवण्याचा क्षण आधी ठरवून ठेवावा लागतो. ‘आज नको’ म्हटलं की उद्या पुन्हा विचारतात. ‘मी सोडलीये’ म्हटलं की दोन दिवस चिडवतात आणि मग विषय संपतो. हातात चहाचा ग्लास ठेवायचा, पेटवणारीच्या शेजारी उभं राहायचं नाही. गटातली आणखी एक सोबत सोडायला तयार झाली तर निम्मं काम झालं, आणि अशी एक असतेच. प्रत्येकीला वाटत असतं की सोडायचं फक्त आपल्याच मनात आहे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात: चिडचिड, डोकं दुखणं, झोप बिघडणं, सारखी भूक. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. म्हणून पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करायला लावू नका. त्या दिवसांत तिने उगाच भांडण काढलं तर ते अंगावर घेऊ नका आणि खाण्यावर बोलू नका. ओढ येते तेव्हा ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी, चालणं, कुणाला तरी फोन. निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतात, पण अठरा वर्षांखालच्या मुलीला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे, तिथे ती स्वतः बोलू शकते.

मध्येच एखाद्या वाढदिवसाला ती पुन्हा ओढेल. बहुतेकांचं तसं होतं. ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणू नका, ‘परवापर्यंत जमलं होतं ना, मग काय झालं त्या दिवशी?’ असं विचारा.

टपरीवाल्याबद्दलही बोलायला हवं, कारण सगळा भार सतरा वर्षांच्या मुलीवर टाकणं मला पटत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणं गुन्हा आहे, आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण नव्वद मीटरच्या आत विकणंही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलांना तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी विकायलाही बंदी केली. तरी सुटी मिळते हे तुम्हाला, मला आणि चौकीतल्या पोलिसांनाही माहीत आहे. शाळकरी मुलीला अख्ख्या पाकिटाचे पैसे जमवणं कठीण, सुटीचे सहज जमतात. सुरुवात तिथेच होते. कॉलेजच्या पालकसभेत चार आयांनी मिळून, कुठल्याही मुलीचं नाव न घेता, टपरीचं अंतर आणि सुटी विक्री यांवर लेखी अर्ज द्या. एकट्याने टपरीवाल्याशी भांडायला जाऊ नका, त्याने तुमच्या मुलीचीच चर्चा होईल.

व्हेपकडेही लक्ष असू द्या. २०१९ पासून देशात ई-सिगारेट विकायला बंदी आहे, तरी ती चोरून येते. पेनड्राइव्हसारखी दिसते, फळाचा वास येतो, स्कार्फला धुराचा वास राहत नाही. त्यामुळे ‘सिगारेट सुटली’ असं वाटू शकतं, आणि निकोटिन चालूच असतं.

आता वडिलांचं. सांगा, पण तिला आधी सांगून: ‘मी बाबांना सांगणार आहे, तू बरोबर असलीस तर बरं.’ तिच्या पाठीमागे सांगितलं तर तुम्ही दोघं एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला अशी वाटणी होते. वडील हात उगारणारे असतील, तर मात्र आधी त्यांच्याशी एकट्याने बोला किंवा माझ्यासारख्या कुणाला मध्ये घ्या. ते स्वतः ओढत असतील, तर तिला उपदेश करण्याचा हक्क त्यांना एकाच मार्गाने मिळेल, तिच्याबरोबर सोडून. बाप-लेकीने एकाच तारखेला सोडायला सुरुवात केलेली घरं मी पाहिली आहेत, आणि तिथे मुलींचं सोडणं जास्त टिकलेलं पाहिलं आहे. वडिलांना वर्षानुवर्षांचं व्यसन असेल तर त्यांनी वेगळी मदत घ्यावी. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करत आहे. आजीला सांगायची गरज नाही. आणि काकूंनी पुन्हा विषय काढला तर ‘हो, मला माहीत आहे, आम्ही बोललोय’ एवढंच म्हणा. हे वाक्य तुमच्या मुलीच्या कानावर पडलं तर पडू द्या.

झोप उडणं, जेवण जवळजवळ बंद होणं, हातावर कापल्याच्या खुणा, सतत रडणं किंवा ‘मी नसते तर बरं’ अशी भाषा यांतलं काही दिसलं, तर सिगारेटचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.